तारीख लिहिण्याआधी गाव विचारा

महाराष्ट्रातल्या कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांना आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांना,



मी लोणार तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची शेती कोरडवाहू. सोयाबीन, तूर, थोडी कपाशी आणि गोठ्यात जनावरं. माझ्या मालकांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, शेक म्हणजे रेडिएशन झालं, शेकासोबत दर आठवड्याचं केमोचं सलाईन झालं. आता तपासणीच्या तारखा चालू आहेत. ते जेवतात, थोडं बोलतात, बांधापर्यंत जाऊन येतात. हे तुमच्या हातांमुळे झालं. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना ही बाई उपकार विसरली असं कोणाला वाटणार नाही.

आमच्या भागातून कोणी अकोल्याला जातं, कोणी छत्रपती संभाजीनगरला, कोणी नागपूरला. ज्यांना धीर होतो ते जालन्याहून रेल्वेने परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात. आम्ही कुठे गेलो ते लिहीत नाही, कारण गाऱ्हाणं एका दवाखान्याचं नाही. रांगेत, धर्मशाळेत, एसटीत ज्या बाया भेटल्या त्या वेगवेगळ्या दवाखान्यांतून आल्या होत्या आणि बोलत मात्र सगळ्या हेच होत्या. माणूस तुमच्या टेबलासमोर काही मिनिटं असतो, मशीनखाली त्याहून थोडा जास्त वेळ असतो. बाकी सगळे दिवस आणि सगळ्या रात्री तो घरात असतो. नळी धुणं, औषध मोजणं, ताप बघणं, घास कुस्करणं हे घरात होतं. आणि त्या घराबद्दल फाईलीत नाव-पत्त्यापलीकडे एक ओळ नसते. तुम्ही उपचार ठरवता तेव्हा हे घर तुमच्या डोळ्यांसमोर असावं, एवढंच मला सांगायचं आहे. पण ते नसल्यामुळे काय काय होतं, ते सविस्तर लिहावं लागेल.

तारखेपासून सुरू करते. "मंगळवारी सकाळी साडेआठला या, रक्त तपासू आणि सलाईन लावू." शहरातल्या माणसाला हे वाक्य मंगळवारचं वाटतं. आमच्यासाठी ते सोमवारी पहाटे सुरू होतं. धारा काढून दूध घालायचं, जनावरांना चारा-पाणी करणारं कोणी बघायचं, मुलांना जावेकडे सोडायचं, मग दुपारची एसटी. लोणारला रेल्वे नाही. मेहकरला किंवा मंठ्याला गाडी बदलायची, आणि तोंडात टाके असलेल्या माणसाला त्या गर्दीत खिडकीजवळ जागा मिळवून द्यायची. रात्र दवाखान्याच्या आवारात. मंगळवारी रक्त दिलं, रिपोर्ट यायला दुपार झाली, आणि मग कळलं की पेशी कमी आहेत, आठ दिवसांनी या.

पेशी कमी असताना केमो द्यायचं नसतं, हे आम्हाला आता समजतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण ती रक्ततपासणी लोणारला, नाही तर मेहकरला आदल्या दिवशी होऊ शकते आणि रिपोर्टचा फोटो फोनवर पाठवता येतो. काही डॉक्टर हे मान्य करतात. एका तरुण डॉक्टरबाईंनी आपणहून सांगितलं, "काकू, रिपोर्ट पाठवा, मी हो म्हटलं की मगच निघा." त्या ड्युटीवर असेपर्यंत आमचे हेलपाटे वाचले, त्यांची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली आणि पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. एका माणसाच्या चांगुलपणावर चालणारी ही सोय तुम्ही दवाखान्याचा नियम करा, ही पहिली विनंती.

दुसरं, पूर्ण कॅलेंडर पहिल्याच दिवशी सांगा. ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्हाला वाटलं, टाके निघाले की संपलं. नंतर कळलं, शेक घ्यायचा आहे, सोमवार ते शुक्रवार रोज, सहा आठवडे, आणि मध्ये खंड पडता कामा नये, कारण खंडात कॅन्सरच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. हे ज्यांनी समजावलं त्यांनी नीट समजावलं. पण तोवर मृग लागला होता. आमच्याकडे पाऊस पडून वापसा आला की पेरणीला मोजके दिवस मिळतात. ते गेले की सोयाबीनचा हंगाम गेला. सहा आठवडे शहरात काढायचे आहेत हे एप्रिलमध्ये कळलं असतं तर शेत बटईने दिलं असतं, म्हैस विकायची की ठेवायची ते ठरवलं असतं. ऑपरेशननंतर शेक लागेलच असं आधी पक्कं सांगता येत नाही, ते मला मान्य आहे. "लागण्याची शक्यता आहे, लागला तर एवढे दिवस जातील" इतकं तरी सांगता येतं. शेतकऱ्याला अंदाजावर निर्णय घ्यायची सवय असते. तो पावसाच्या अंदाजावर बी टाकतो.

आणि त्या सहा आठवड्यांत राहायचं कुठे? गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. रोग्यासोबत आलेल्या माणसालाही अंग टाकायला जागा लागते, हे त्यांनी फार पूर्वी ओळखलं होतं. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरची कुटुंबं राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीची जागा आहे. पण अशा जागांची माहिती आम्हाला रांगेतल्या दुसऱ्या बाईकडून मिळते, आणि तोपर्यंत लॉजमध्ये पैसे गेलेले असतात. केस पेपरसोबत राहण्याच्या ठिकाणांची एक यादी द्या. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत आहे, स्लीपरमध्ये तर रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ आहे. एसटीतही रुग्णाला सवलत आहे. या सवलतींच्या कागदांवर सही पहिल्याच भेटीत मिळावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन आणि शेक झाला नसता तर आम्ही शेत विकलं असतं, आणि आता ते संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत गेलं आहे. तरीही योजनेच्या कागदात न बसणारा खर्च, म्हणजे गाडीभाडं, राहणं, बुडालेली मजुरी आणि योजना मंजूर होण्याआधीच्या तपासण्या, तोच घर वाकवतो. उसनवारी सुरू होते ती इथून.

आता जे लिहिणार आहे ते माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेलं आहे. "सोबत पुरुष माणूस कोण आहे?" हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला! मी समोर बसलेली असायचे. फाईल माझ्या हातात असायची, गोळ्यांची नावं मला पाठ होती. तरी माझ्या दिरांना आत बोलावलं जायचं आणि आजार कुठवर गेला आहे ते त्यांना सांगितलं जायचं. दीर माणूस चांगला. पण बाहेर येऊन ते म्हणायचे, "काही नाही वहिनी, बरं होईल म्हणतात." घाबरलेला माणूस दुसरं काय सांगणार? आणि ज्यांच्या शरीराबद्दल सगळं चाललं होतं ते दाराबाहेर बाकावर. त्यांना तर कोणी काहीच सांगितलं नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्यांनी वहीवर लिहून मला विचारलं, "जबडा काढणार का?" तोवर मलाही ते माहीत नव्हतं.

डॉक्टरसाहेब, आम्हा दोघांना बसवून सांगा. रडू येईल, त्याला दोन मिनिटं द्या. बाईला कळणार नाही असं वाटत असेल तर कागदावर गालाचं चित्र काढून सांगा. किती शिकली आहे हे विचारण्याआधी नळी कोण धुणार आहे, हे विचारा. जी धुणार आहे, तिला सांगा.

नळीवरून जेवणाचं आठवलं. त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमचे महिने त्यातच गेले. ऑपरेशननंतर नाकातून नळी होती. सुट्टी देताना आहाराचा छापील कागद मिळाला. त्यात प्रोटीन पावडर, सफरचंदाचा रस, शहाळं, बदाम, पनीर. पावडरचा डबा घेतला, तो काही दिवसांत संपला. शहाळं लोणारला मिळतं, पण रोज आणायला रोजची मजुरी लागते. आणि घरात काय होतं? ज्वारी होती, तूर आणि मूग होता, शेंगदाणे होते, दूध होतं, कोंबड्यांची अंडी होती. पोत्यांनी सोयाबीन होतं. ज्या पिकातून प्रथिनांच्या पावडरी बनतात ते पीक घरात भरलेलं आणि त्याचं काय करायचं हे सांगणारं कोणी नाही.

पुढे एका तारखेला आहाराच्या बाईंना मी घरातल्या जिनसा एकेक करून सांगितल्या. त्यांनी तो छापील कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला पेनाने लिहून दिलं. ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील. मुगाचं वरण घट्ट शिजवून, घोटून, गाळून. शेंगदाणे उकडून, वाटून, दुधात. अंडं पूर्ण शिजवून, बारीक करून. वरून चमचाभर तेल, म्हणजे थोड्या प्रमाणात जास्त शक्ती जाते. सोयाबीन कच्चं कधीच द्यायचं नाही, भिजवून नीट शिजवून त्याचं दूध काढायचं. दर दोन तासांनी किती द्यायचं, आधी आणि नंतर नळीत साधं पाणी सोडायचं, देताना आणि दिल्यावर अर्धा तास माणूस टेकून बसलेला हवा. त्या कागदाला मी प्लास्टिकची पिशवी लावली आणि तो चुलीमागच्या खुंटीला टांगला. वजन उतरायचं थांबलं ते त्यानंतर.

ही माहिती एका बाईच्या पेनात का अडकून राहावी? वऱ्हाडाच्या घरातल्या धान्याचा एक कागद तयार करा, कोकणचा वेगळा, खानदेशचा वेगळा. लिहिताना हेही ध्यानात ठेवा की खेड्यात मिक्सर विजेवर चालतो आणि वीज तिच्या वेळेने येते. उन्हाळ्यात वाटलेलं अन्न दुपारपर्यंत आंबतं, फ्रिज सगळ्यांकडे नाही. किती वेळानंतर ते टाकून द्यायचं, हे छापून द्या. नळी निघाल्यावरही प्रश्न संपत नाही. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. आइस्क्रीमच्या काड्या एकीवर एक ठेवून तोंड उघडण्याचा व्यायाम सांगतात. तो रोज करायचा असतो, दुखत असतानाही करायचा असतो आणि तो सोडला तर जबडा आखडतो, हे ठासून सांगा. नवरा चिडतो, काडी फेकून देतो, तेव्हा बायकोच्या मागे तुमचा शब्द उभा हवा.

शेकाच्या शेवटच्या आठवड्यांत तोंड आतून सोलून निघालं होतं. लाळसुद्धा गिळवत नव्हती. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि रात्री झोप लागली. गावी परतल्यावर गोळ्या संपल्या, तेव्हा शहराबाहेर आम्हाला त्या कुठेच मिळाल्या नाहीत. अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यात २०१४ साली दुरुस्ती झाली ती अशी औषधं दुखणेकऱ्यांपर्यंत पोहोचावीत म्हणूनच. कायदा सैल झाला, पण गोळी तालुक्याला आली नाही. तुम्ही कॅन्सरवाले डॉक्टर सरकारच्या समित्यांवर बसता, तुमचं ऐकलं जातं. निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी ही गोळी कायम मिळावी, असा आग्रह तुम्ही धरा. आणि ती लिहून देताना सोबत पोट साफ होण्याचं औषधही लिहा. त्यावाचून माणसाचे काय हाल होतात, ते घरच्यांनाच दिसतं.

केमो चालू असताना रात्री ताप आला तर ते साधं दुखणं नसतं, तिथे तासांना किंमत असते. पण रात्री ताप आलेल्या माणसाला घेऊन आम्ही तुमच्याकडे पोहोचू शकत नाही. आम्ही लोणारच्या ग्रामीण रुग्णालयात जातो. तिथल्या डॉक्टरांच्या हातात आम्ही जे डिस्चार्ज कार्ड देतो, त्यावर हाताने लिहिलेली अक्षरं आणि आखूड केलेले शब्द असतात. एक पान नीट लिहून द्या. कोणती औषधं चालू आहेत, ताप आला तर आधी काय द्यायचं, कोणत्या नंबरवर फोन करायचा. तेच पान मराठीत आमच्यासाठी. त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत एक वाक्य छापा, की हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आमच्याकडे यांचा कप वेगळा ठेवला गेला. शेजारची म्हातारी मायेने म्हणाली, "पोराईले जवळ जाऊ देऊ नको वं बाई." ती वाईट नव्हती, तिला माहीत नव्हतं. माझं सांगणं तिला पटलं नाही. डॉक्टरचा शिक्का असलेलं वाक्य पटलं असतं.

तंबाखूबद्दल तुम्ही रागावता. "खाल्ली तेव्हा कळलं नाही का?" असं भरल्या ओपीडीत ऐकावं लागतं. माझे मालक वयाच्या पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या शेतात कामाला गेले. दुपारच्या सुट्टीत भाकरीनंतर तंबाखू मळून हातावर दिली जायची, भूक मारायला आणि उन्हात उभं राहायला. पुढे पुडी आली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि आमच्या फाट्यावर पुडी आजही मिळते. तुमचा राग ज्यांच्यावर निघायला हवा, ते तुमच्या ओपीडीत येत नाहीत. समोरचा माणूस आधीच मान खाली घालून बसलेला असतो. त्याला सोडायला मदत करा, आणि सोबत आलेल्या भावाला, पुतण्याला तिथल्या तिथे तोंड उघडायला सांगा. आमच्या यांच्यासोबत आलेल्या एकाच्याही तोंडात कोणी डोकावलं नाही, आणि ते सगळे खाणारे होते.

कोणी म्हणेल, खेड्यात हे सगळं कसं पुरवायचं? त्याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंद करणारे कर्मचारी गावोगाव जाऊन माणसांना भेटले. त्याच बळावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. २००९ साली तो जगासमोर आला, आणि ज्या गावांत या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली होती तिथे त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. जगातल्या डॉक्टरांनी जे वाचलं ते आपल्या दुष्काळी भागातल्या बायकांच्या अंगणात घडलं होतं.

आणि आता तर आमच्या आजूबाजूला बुलढाणा, जालना, वाशीम या तिन्ही ठिकाणी २०२४ साली सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर केंद्र काढू असं जाहीर झालं. सलाईन बुलढाण्याला लागू शकेल, मानेच्या गाठी जालन्याला तपासता येतील. पण तिथल्या डॉक्टरांना शिकवणार तुम्हीच, आणि "हा रुग्ण आता तुम्ही बघा, अडलं तर मला फोन करा" असं म्हणणारेही तुम्हीच. पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी लागते म्हणता. ती प्रत्येक तपासणी शहरातच का? आमच्याच भागातले एक गृहस्थ बरे झाले आणि पुढच्या तारखांना गेलेच नाहीत. भाड्याचे पैसे आणि मोडलेला दिवस त्यांना परवडेना. गाठ परत आली तेव्हा कळायला उशीर झाला. तुमच्या वहीत त्यांच्या नावापुढे "आले नाहीत" एवढंच असेल. तारीख चुकलेल्या रुग्णाला दवाखान्यातून एक फोन जावा, ही विनंती त्यांच्या घरच्यांच्या वतीने करते.

शेवटचं मागणं आमच्या गावाचं आहे. तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीत लोणारचं सरोवर बघायला येतात. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा नमुने नागपूर-पुण्याच्या संस्थांपर्यंत गेले आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने त्यातले खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव शोधून काढले. एवढं बारकाईने बघणारी माणसं या भागाला लाभली, याचा आम्हाला अभिमान आहे. तीच नजर आता इथल्या माणसांच्या तोंडांकडे वळावी. नवरात्रात कमळजा देवीच्या दर्शनाला सरोवराच्या काठी गावोगावची माणसं उतरतात. त्यांत तंबाखू खाणारे पुरुष असतात आणि मशेरी लावणाऱ्या बायाही असतात. तोंड बघायला बॅटरीचा उजेड आणि काही मिनिटं लागतात, मशीन लागत नाही. टेबल, खुर्च्या, पाणी, तुमचं जेवण, नावं लिहून घेणं, हे सगळं आमच्या बचत गटाच्या बाया करतील. तुम्ही दोघे-तिघे या, आणि ज्याच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसेल त्याला पुढे कोणाकडे, कोणत्या दिवशी पाठवायचं, आणि ती बायोप्सी कोणत्या खर्चात होईल, हे ठरवून या.

कळावे.

आपली,
एक शेतकरी बाई
तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा